गाडीचं विचारा : नवा पट्टा टाकला तरी कुईंकुईं का?

यावेळी आलेल्या प्रश्नांत निम्मे तरी पट्ट्याचे आहेत. उन्हाळा संपता संपता दरवर्षी हेच होतं, एसी फुल, ऊन ४३-४४ आणि रस्त्यावर धूळ, त्यात रबर किती दिवस टिकणार. सगळ्यांनी "फॅन बेल्ट" लिहिलंय, आता बहुतेक गाड्यांत त्या बेल्टवर फॅन कुठला, फॅन कधीच मोटरवर गेला, पण नाव राहिलं, जसं आपण अजून वीज करणाऱ्या अल्टरनेटरला डायनामोच म्हणतो, चालतंय. फक्त एक लक्षात ठेवा, टायमिंग बेल्ट वेगळा. तो दातांचा, कव्हरच्या आत असतो आणि तुटला तर डिझेल इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. आज बोलतोय तो बाहेरचा पट्टा, क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) पुलीवरून डायनामो, एसीचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंगचा पंप आणि काही गाड्यांत वॉटर पंप फिरवणारा.

प्रश्न : दादा नमस्कार, माझी २००९ ची डिझेल हॅचबॅक आहे, १ लाख ४० हजार किमी झालेत. सकाळी स्टार्ट केली की दोन मिनिटं कुईंऽऽ करून गल्ली उठवते मग आपोआप गप्प. आठ महिन्यांत दोन पट्टे बदलले, दोन्ही चांगल्या कंपनीचे. मेकॅनिक साबण घासतो, दोन दिवस बरं वाटतं की परत चालू. आता तिसरा टाकू का?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : तिसरा टाकू नका. आठ महिन्यांत दोन पट्टे वाया गेलेत म्हणजे पट्ट्याचा काही दोष नाही, त्याला कोण त्रास देतंय ते शोधायचंय.

आधी सकाळीच का ते सांगतो. डिझेल गाडी थंड असताना स्टार्ट करताना ग्लो प्लग (सिलिंडर आतून गरम करणाऱ्या कांड्या) तापतात, वर सेल्फ जोरात ओढतो, बॅटरीतून बरंच खर्च होतं, आणि इंजिन चालू झालं की डायनामोला ते सगळं भरून काढायचं असतं. ७० अँपिअरचा डायनामो पूर्ण ताकदीने चालला तर १४ व्होल्टला जवळजवळ १ किलोवॅट वीज देतो, आणि तो काही शंभर टक्के कामाचा नसतो, म्हणजे पट्ट्यावर दोन हॉर्सपॉवरच्या आसपास ओढ पडते. तुमच्याकडे कुणाचा लूम असेल तर लगेच कळेल, साध्या लूमला एक हॉर्सपॉवरची मोटर पुरते, तिचाही पट्टा ढिला असला की सुरू करताना चिरकतो आणि वेग धरला की गप्प होतो. इथं तर दुप्पट ओढ, आणि ती सुद्धा डायनामोच्या एवढ्याशा पुलीवर, जिला पट्टा जेमतेम अर्धा वेढा घालतो. त्यामुळे घसरला की पहिला तिथंच घसरतो. बॅटरी थोडी भरली की ओढ कमी, आवाज बंद. म्हणून पहिलं काम बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. बॅटरीच म्हातारी झाली असेल तर रोज सकाळी डायनामोची पिळवणूक होतीय आणि पट्टा फुकट बदनाम.

आता पाण्याची परीक्षा. इस्त्रीवाल्याकडे असते तशी फवाऱ्याची बाटली घ्या, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बाह्या वर, गळ्यातला टॉवेल काढून ठेवा (हसू नका, टॉवेल पुलीत गेलेला मी बघितलाय). आवाज चालू असताना पट्ट्याच्या धारी असलेल्या बाजूवर थोडंसं पाणी मारा. आवाज वाढला तर पट्टा घसरतोय म्हणजे ताण कमी आहे किंवा टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) मेलाय. आवाज थांबला आणि पाणी सुकल्यावर परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. कानालाही फरक कळतो, घसरण्याचा आवाज लांब कुईंऽऽ असतो आणि रेषेच्या भानगडीचा चिमणीसारखा चिव चिव, इंजिनच्या वेगाबरोबर कमी जास्त होणारा.

तुमचा लांब कुईं आहे म्हणजे ताणाकडे बघा. तुमच्या गाडीत ताण हाताने आवळायचा असेल तर नवा पट्टा टाकल्यावर तो थोडं चालवून परत आवळला होता का हे मेकॅनिकला विचारा, बहुतेक नाहीच म्हणेल. नवा पट्टा पहिल्या काही तासांत पुलीत बसतो आणि थोडा सैल पडतो, हे होतंच. दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून एकदा आणि चार-पाचशे किमीला परत एकदा ताण बघायचा असतो. स्प्रिंगचा आपोआप ताण धरणारा टेन्शनर असेल तर आवळायचं काहीच नसतं, मग इंजिन चालू करून फक्त त्याच्या दांडीकडे बघत उभं राहा. किंचित हलली तर ठीक, पण थडथड नाचत असेल तर आतलं डॅम्पिंग (हादरा शोषणारा भाग) संपलंय. १ लाख ४० हजारला तो अजून मूळचाच असेल तर माझा संशय तिथेच.

डिझेलमध्ये आणखी एक गंमत असते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन झटके, म्हणजे ८०० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला सव्वीस-सत्तावीस झटके बसतात, आणि डायनामोचा आतला रोटर जड, तो काही प्रत्येक झटक्याला वेग बदलत नाही, मग मधल्यामध्ये पट्ट्याला ओढाताण. म्हणून बऱ्याच डिझेलमध्ये डायनामोला एकाच बाजूने पकडणारी पुली देतात, सायकलच्या फ्रीव्हीलसारखी. ती जाम झाली की पट्टा आणि टेन्शनर दोन्ही खाते. तशीच क्रँकची पुली, तिच्या आतल्या आणि बाहेरच्या रिंगमध्ये रबर असतं, ते सुटलं की बाहेरची रिंग जागच्या जागी सरकते. खडूने दोन्ही रिंगवरून एक सरळ रेघ मारा, दोन-चार दिवस गाडी चालवा आणि बघा, रेघ तुटलेली दिसली तर पुली गेली.

साबणाचं काय सांगू. साबण, मेण, स्प्रे, पट्ट्यावर काहीही लावलं की दोन दिवस आवाज दबतो, मग त्यावर धूळ चिकटते आणि खरकागदासारखी पुली घासते. आणि ते डिझेलचं फडकं! प्रत्येक गॅरेजला ते असतंच, पुली पुसायला पण तेच. डिझेल आणि रॉकेलने रबर फुगतं. पट्टा काढलेला असताना पुलीच्या खाचा साध्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या, बास. धुताना खाचांना हात लावून बघा, धार लागत असेल किंवा वॉटर पंपाजवळ कूलंटचे पांढरे-हिरवे डाग दिसले तर मूळ कारण मिळालंच म्हणून समजा.

माझ्या स्वतःच्या गाडीचं सांगतो, लाज वाटते पण सांगतो. डायनामो रिवाइंड करून आणला, नाव नको, आणि महिन्याभरात पट्ट्याच्या एका कडेने दोरे निघायला लागले, बॉनेट उघडलं की बॅटरीच्या ट्रेवर काजळासारखी काळी पूड. पट्टा बदलला. परत तेच. मी तीस वर्षं हेच काम करतोय आणि तरी पट्ट्याच्याच कंपनीला शिव्या घालत बसलो होतो. शेवटी मुलाच्या कंपासमधली स्टीलची पट्टी घेऊन क्रँकच्या पुलीच्या तोंडाला लावली, दुसरं टोक डायनामोच्या पुलीवर, तर तिथं पट्टी टेकेना, डायनामोची पुली बाहेर आलेली. उघडलं तर पुलीच्या मागे एक वॉशर जास्त. चार आण्याचा वॉशर, दोन पट्टे गेले.

आणि हो, गाडी जॅकवर असताना पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला बघा. आडव्या इंजिनात पट्टा तिथेच असतो आणि चिखल येऊ नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, सर्व्हिसिंगला तो काढतात आणि एक क्लिप तुटली की परत लावतच नाहीत. पडदा नसेल तर पावसाळ्यात विजापूर रोडचा सगळा चिखल सरळ पट्ट्यावर.

प्रश्न : पुण्याहून येताना मोहोळच्या अलीकडे लाल बॅटरीचा दिवा लागला, एसी गरम, आणि ब्रेक एकदम दगडासारखा घट्ट झाला. मी घाबरून बाजूला घेतली. पट्टा तुटला होता. सोबत सासूबाई आणि मुलं होती, दोन तास उन्हात थांबलो. नंतर आमच्या दिरांनी सांगितलं की तशीच हळूहळू आणायची होती, डिझेल आहे, बॅटरी नसली तरी चालतं. खरंय का? गाडी जुनी आहे, २००४ ची.
(एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : ताई, तुम्ही थांबलात तेच बरोबर, दिरांना हे पान दाखवा.

त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. डिझेलला स्पार्क लागत नाही, जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइडपुरती (विजेवरच्या छोट्या व्हॉल्व्हपुरती) वीज मिळाली तरी इंजिन चालू राहतं, त्यामुळे डायनामो बंद पडलेला बऱ्याच जणांना कळतच नाही. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या नव्या पद्धतीच्या गाडीत मात्र कॉम्प्युटर आणि इंजेक्टर दोन्ही विजेवर असतात, बॅटरी उतरली की जिथं असेल तिथं बंद. पण तुमचा प्रश्न विजेचा नव्हताच, ब्रेकचा होता.

पेट्रोल इंजिन हवा ओढताना जे व्हॅक्यूम तयार करतं त्यावर ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) चालतो. डिझेलला तसं थ्रॉटल नसतं, म्हणून व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप द्यावा लागतो, आणि बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत हा पंप डायनामोच्याच पाठीला बसवलेला असतो, एकाच शाफ्टवर. पट्टा तुटला की डायनामो थांबला, डायनामो थांबला की व्हॅक्यूम संपलं. बूस्टरमध्ये साठलेल्यावर दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागतो मग पेडल दगड होतं. ब्रेक गेलेला नसतो, पूर्ण पाय ताणून दाबला तर लागतो, पण ऊसाच्या ट्रॉलीच्या मागे ते कळेपर्यंत उशीर होतो. असं झालं तर पेडल पुन्हा पुन्हा मारू नका, होतं तेवढं व्हॅक्यूम त्यात जातं. एकदाच दाबून धरायचं, गिअर खाली आणायचे, शेवटी हँडब्रेक.

आणि वॉटर पंप पण त्याच पट्ट्यावर असेल तर मग विषयच संपला, पाणी फिरायचं थांबतं, मे महिन्यात काही मिनिटांत काटा लाल होतो, तसंच पुढे दामटली तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलंच. तुमच्या गाडीत कुठला पंप कशावर आहे हे एकदा मेकॅनिकला बॉनेट उघडून दाखवायला सांगा आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. काही डिझेलमध्ये, उदाहरणार्थ २००७ ला आलेल्या स्विफ्टच्या १.३ इंजिनात, व्हॅक्यूम पंप कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) आहे, तिथं पट्टा तुटला तरी ब्रेक शाबूत राहतो, पण वॉटर पंप बाहेरच्या पट्ट्यावरच आहे, म्हणजे गाडी तरीही उभीच करायची.

सासूबाईंना सांगा चूक तुमची नव्हती.

प्रश्न : मागच्या वेळी तुम्ही लिहिलं की पट्ट्याला भेगा नाहीत म्हणजे पट्टा चांगला. हे चूक आहे. मी रबराच्या कारखान्यात होतो. आता पट्टे ईपीडीएम या कृत्रिम रबराचे येतात, त्यांना सहसा भेगा पडत नाहीत.
(एक निवृत्त वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : काका, कान पकडतो. माझ्या हातातले सुरुवातीचे पट्टे निओप्रिन रबराचे, ते उन्हाने तडकायचे, वाकवून भेगा मोजल्या की निकाल लागायचा, तीच सवय राहिली. ईपीडीएमचा पट्टा टायरसारखा झिजतो, वरून ठणठणीत दिसतो आणि धारींमधलं रबर कमी होत जातं, मग पट्टा पुलीच्या खाचेत तळाला टेकतो आणि पकड जाते. ओळखायचं असं की नव्या पट्ट्याच्या दोन धारींमधली खाच अरुंद दिसते, झिजलेल्याची रुंद आणि गोलसर. पट्टा पुलीवर असताना नवा थोडा वर उठून दिसतो, जुना खाचेत बुडालेला दिसतो. नख फिरवून काचेसारखं गुळगुळीत लागलं तरी बदला. वाचकांनी मागच्या अंकातलं ते वाक्य खोडून टाका.

प्रश्न : एसी बंद असताना गरगर आवाज येतो आणि एसी लावला की थांबतो. उलटं कसं?
(एक वाचक, बाळे)

उत्तर : उलटं नाही, बरोबर आहे. एसी बंद असला तरी कॉम्प्रेसरची पुली फिरतच असते, आपल्या बेअरिंगवर मोकळी. एसी लावला की क्लच पुलीला कॉम्प्रेसरशी बांधतो आणि मग ते बेअरिंग गप्प बसतं. म्हणजे पुलीचं बेअरिंग गेलंय, नुसतं बेअरिंग बदलून मिळतं, पूर्ण कॉम्प्रेसर गळ्यात मारू देऊ नका. उलट एसी लावल्यावरच चिरकत असेल आणि जळक्या रबराचा वास येत असेल तर कॉम्प्रेसर जाम होतोय, ताबडतोब एसी बंद ठेवा, नाहीतर तो एकटा जात नाही, पट्टा घेऊन जातो.

प्रश्न : काका, मी पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांच्या जुन्या डिझेल गाडीचा पट्टा मला स्वतः बदलायचाय, आजोबा नको म्हणतात. कसा करू? आणि पट्टा कुठल्या नंबरचा घेऊ, जुन्यावरचं सगळं पुसलंय.
(एक विद्यार्थी)

उत्तर : कर की, पण आजोबांना शेजारी खुर्ची टाकून बसव.

नंबर आधी. चपटा, धारीवाला पट्टा असेल तर त्यावर ६ पीके १२०० असं काहीतरी असतं, ६ म्हणजे धारी सहा, पीके हा धारींचा प्रकार, १२०० ही लांबी मिलिमीटरमध्ये. दोन धारींमधलं अंतर ३.५६ मिमी असतं, म्हणून सहा धारींचा पट्टा साधारण २१ मिमी रुंद भरतो. नंबर पुसला असेल तर जुना पट्टा मोजून नवा घेऊ नको, तो ताणलेला असतो. गाडीचं मॉडेल, साल सांग आणि मुख्य म्हणजे एसी आणि पॉवर स्टिअरिंग आहे का ते सांग, त्याच गाडीला एसीवाला पट्टा वेगळा आणि बिनएसीवाला वेगळा. दुकानदार "हाच बसतो बे, ने" म्हणाला तर गाडीची पार्ट नंबरची यादी उघडायला लाव.

गाडी सपाट जागेवर, इंजिन पूर्ण गार, किल्ली तुझ्या खिशात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढ, कारण डायनामोच्या मागच्या जाड तारेत किल्ली काढली तरी करंट असतो आणि पाना बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात. पट्टा काढायच्या आधी फोटो काढ, दोन-तीन बाजूंनी, नंतर तो कुठल्या पुलीच्या वरून आणि कुठल्या खालून गेला होता हे शपथेवर सांगता येत नाही.

मग डायनामोचा खालचा मुख्य बोल्ट आणि वरच्या पट्टीचा बोल्ट दोन्ही ढिले कर, मगच ताणाचा लांब बोल्ट उलटा फिरव. बरेच जण खालचा बोल्ट ढिला न करताच टॉमी (लोखंडी दांडी) घालून डायनामो ढकलतात आणि ॲल्युमिनियमचा कान तुटतो. पट्टा निघाला की लगेच नवा चढवू नको. ही पाच मिनिटं सगळ्यात कामाची आहेत. प्रत्येक पुली हाताने फिरव, कान जवळ ने, खरखर लागतेय का, धरून हलवली तर खुळखुळतेय का बघ. आयडलर (पट्ट्याला नुसती दिशा देणारी मोकळी पुली) फिरवून सोडला आणि पंख्यासारखा फिरतच राहिला तर आतलं ग्रीस संपलंय, चांगला थोडा फिरून थांबतो.

नवा चढवताना प्रत्येक धार तिच्या खाचेत बसलीय का बोट फिरवून बघ, खालची पुली दिसत नाही तिथं तर नक्की बघ, एक धार बाहेर राहिली की संध्याकाळपर्यंत पट्ट्याच्या चिंध्या. ताण गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा ठेव. पुस्तक नसेल तर दोन पुल्यांमधल्या पट्ट्याच्या सगळ्यात लांब भागाच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबून १० मिमीच्या आसपास दबला पाहिजे. जास्त आवळलास तर आवाज येणार नाही म्हणून खूश होशील, पण डायनामो आणि वॉटर पंपाचं बेअरिंग काही महिन्यांत बोलायला लागेल. सगळे बोल्ट आवळ, पाने मोजून घे (एक तरी पाना आतच राहतो), बॅटरी जोड आणि चालू करून दूर उभा राहून बघ, पट्टा पुलीच्या कडेकडे सरकत नाही ना.

जुना पट्टा तुटलेला नसेल तर फेकू नको, कागदात गुंडाळून स्टेपनीखाली टाक, सोबत त्या मापाचे दोन पाने. पंढरपूरला निघालास आणि वाटेत नवा तुटला तर तो जुना गावापर्यंत आणतो.